मेल साधा पाठवावा की सजवून?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळी टपालात एकाच विषयावरचे इतके प्रश्न आले की सगळा स्तंभ त्यालाच दिला आहे. ई-मेल नुसत्या मजकुरात पाठवायचा, की एचटीएमएल (वेबपानांची मांडणी सांगणारी खुणांची भाषा) वापरून ठळक अक्षरे, रंग, तक्ते, चित्रे घालून? सोसायटीच्या कचेरीपासून हिंजवडीच्या कंपन्यांपर्यंत या प्रश्नावर वाद होतात. बहुतेक वेळा दोन्ही बाजू आपापल्या पडद्यावर काय दिसते तेवढेच धरून बोलत असतात.

आमच्या सोसायटीत ८४ सदनिका आहेत. सभेची नोटीस आणि महिन्याचा हिशेब मी वर्डमध्ये तयार करून जीमेलमध्ये चिकटवतो: वर लोगो, ठळक मथळे, खाली रंगीत तक्ता. काही सभासदांना सगळे हुबेहूब दिसते. काहींचा तक्ता फोनच्या पडद्याबाहेर जातो, काहींना शेवटचा भाग दिसतच नाही, आणि एका काकांना काळ्यावर काळी अक्षरे दिसतात. खजिनदार म्हणतात, साधा मजकूर पाठवा, भानगडच मिटेल. मला वाटते नोटीस नोटिशीसारखी दिसली पाहिजे. कोणाचे बरोबर?
(सचिव, कोथरूड)

नोटिशीपुरते खजिनदारांचे बरोबर. हिशेबाच्या तक्त्यापुरते तुमचे, पण तो तक्ता मेलच्या पोटात नको.

आधी हे होते कशामुळे ते पाहू. तुम्ही जीमेलमधून नेहमीच्या पद्धतीने मेल पाठवता तेव्हा एका लिफाफ्यात दोन प्रती जातात. पहिली साध्या मजकुराची, दुसरी एचटीएमएलची. वाचणाऱ्याचे अॅप त्यातली आपल्याला झेपेल ती शेवटची प्रत दाखवते. ही सोय १९९२ साली नॅथनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी मांडलेल्या माइम या पद्धतीतून आली. त्याआधीचे मेलचे नियम १९८२ चे, आणि त्यांत इंग्रजी अक्षरे, अंक व विरामचिन्हे एवढ्यांनाच जागा होती. देवनागरी मेलमध्ये आली तीही माइमच्याच दारातून, त्यामुळे साधा मजकूर म्हणजे इंग्रजी किंवा जुनाट, असे मुळीच नाही.

साधी प्रत जीमेल आपली आपण बनवते. ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारका येतात आणि तक्त्यातला प्रत्येक चौकोन वेगळ्या ओळीवर जातो. सदनिका, देखभाल, पाणी, एकूण असे चार रकाने आणि ८४ सदनिका असतील, तर मथळा धरून ३४० ओळींची उतरंड तयार होते. ती वाचून कोणाला काही कळणार नाही.

आता तुमच्या तक्रारी एकेक करून. शेवटचा भाग न दिसण्याचे कारण असे की मेलचे एचटीएमएल १०२ केबीच्या वर गेले की जीमेल ते कापते आणि खाली पूर्ण मेल उघडण्याची लिंक ठेवते. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह ३ बाइटांचे असते, म्हणजे १०२ केबीत सुमारे ३४ हजार चिन्हे मावतात. कोणतीही नोटीस एवढी लांब नसते. जागा खाते ते वर्डचे वेष्टन: प्रत्येक परिच्छेदाला आणि तक्त्याच्या प्रत्येक चौकोनाला फॉन्ट, अंतर, कड, रंग यांची पुन्हा पुन्हा नोंद. तक्ता पडद्याबाहेर जातो कारण वर्डने त्याची रुंदी ए-फोर कागदाच्या हिशेबाने पक्की लिहिलेली असते. काळ्यावर काळे दिसते ते डार्क मोडमुळे, म्हणजे पडदा काळा करण्याच्या सोयीमुळे. अक्षराचा रंग सांगितलाच नसेल तर अॅप ते आपोआप पांढरे करते. ‘काळेच’ असे लिहून ठेवलेले असेल तर काही अॅप ते तसेच राहू देतात, आणि मागची पाटी तेवढी काळी होते.

मग काहींना हुबेहूब कसे दिसते? विंडोजवरचे पारंपरिक आउटलुक हे मेलचे अॅप २००७ च्या आवृत्तीपासून मेल दाखवायला वर्डचेच इंजिन वापरते. वर्डमध्ये केलेले तिथे वर्डसारखे दिसणारच. ज्या सभासदांकडे ते आहे त्यांच्याकडून ‘छान दिसते’ अशी पावती येते, आणि त्यावर विसंबून बाकीच्यांची आबाळ होते.

करायचे ते असे. वर्डमधला मजकूर कॉपी करा, पण चिकटवताना कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही या तीन कळा एकदम दाबा. त्याने फक्त अक्षरे येतात, वेष्टन मागे राहते. आधीच चिकटवले असेल तर सगळे निवडून जीमेलच्या पट्टीतले ‘रिमूव्ह फॉरमॅटिंग’ दाबा. लोगो काढून टाका. मग नोटीस अशी बसवा:

वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस
वार व वेळ: रविवार, सकाळी १०
जागा: सोसायटीचे सभागृह, तळमजला
कामकाज:
१. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे
२. हिशेबपत्रके मंजूर करणे
३. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची दरपत्रके
गणपूर्ती न झाल्यास सभा अर्ध्या तासाने त्याच जागी होईल.

मथळा ठळक करायचा असेल तर खुशाल करा. ठळकपणा गळून पडला तरी नोटिशीतले काही हरवत नाही, आणि सजावटीची कसोटी हीच धरावी. ‘लाल रंगातल्या सदनिकांची थकबाकी आहे’ असे लिहिले, की रंग गेल्यावर अर्थही गेला. तिथे ‘थकबाकी’ हा शब्दच लिहायचा.

एक मात्र करू नका. जीमेलमध्ये मेल लिहिण्याच्या चौकटीत खाली तीन ठिपके आहेत, त्यात ‘प्लेन टेक्स्ट मोड’ मिळतो. खजिनदार बहुधा तेच सुचवत असतील. त्या पद्धतीत जीमेल ७८ अक्षरांच्या आसपास ओळ तोडून पाठवते. फोनचा पडदा त्याहून अरुंद असल्यामुळे एक ओळ पूर्ण, पुढची दोन शब्दांची, असा तुटका मजकूर दिसतो. सोसायटीसाठी नेहमीच्या पद्धतीतच, पण काही न सजवता लिहिणे उत्तम. मग दोन्ही प्रतींत सारखेच जाते.

हिशेबाचा तक्ता पीडीएफ किंवा एक्सेल म्हणून जोडा. स्पेस देऊन रकाने जुळवण्याचा मोह टाळा. इंग्रजीत समान रुंदीच्या फॉन्टमध्ये ते जमते, देवनागरीत नाही. ‘क्षत्रिय’ हा शब्द घ्या. संगणकाच्या दृष्टीने त्यात आठ चिन्हे आहेत: क, हलन्त, ष, त, हलन्त, र, वेलांटी, य. डोळ्यांना दिसतात तीन अक्षरे. प्रत्येक फॉन्ट त्यांना वेगळी जागा देतो, त्यामुळे तुमच्याकडे सरळ असलेला रकाना दुसरीकडे नागमोडी होतो. मेलच्या मजकुरात ज्याची त्याची एक ओळ पुरे: ‘ब-३०२: देखभाल २,४००, पाणी ३५०, एकूण २,७५० रुपये.’ मेल मर्जने, म्हणजे यादीतून प्रत्येकाची माहिती आपोआप भरणाऱ्या सोयीने, हे ८४ जणांना वेगवेगळे पाठवता येते. सर्वांना एकच मेल पाठवायचा असेल तर पत्ते बीसीसीमध्ये टाका, म्हणजे ते एकमेकांना दिसत नाहीत.

आमचे छोटे प्रकाशन आहे. जुन्या लेखकांचे मेल उघडले की कधी मराठी दिसते, कधी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी. एचटीएमएलमध्ये ठेवले तर कधीकधी वाचता येते, साधा मजकूर केला की हमखास बिघडते. म्हणजे मराठीसाठी एचटीएमएलच हवे ना?
(सदाशिव पेठ)

नाही. तुमच्या बाबतीत दोष जुन्या फॉन्टचा आहे.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी अप्पा बळवंत चौकाच्या आसपास असो की बाहेरगावी, मराठी अक्षरजुळणी श्रीलिपी, शिवाजी, सुरेख अशा फॉन्टवर चालत असे. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असते. संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजी अक्षरांचाच राहतो, आणि ‘हे मराठी म्हणून दाखव’ ही माहिती फक्त फॉन्टच्या नावात असते. फॉन्टचे नाव म्हणजे सजावट. साधा मजकूर करताना सजावट काढली जाते, तिच्यासोबत मराठीही जाते. एचटीएमएलमध्ये नाव टिकते, पण तो फॉन्ट तुमच्या संगणकावर असेल तरच अक्षरे दिसतात. म्हणून ‘कधीकधी’.

देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून स्वतःची जागा आहे. युनिकोडमधला मजकूर कोणत्याही फॉन्टमध्ये मराठीच राहतो, साध्या मेलमध्येही. तेव्हा लेखकांना फॉन्टचे नाव विचारा आणि त्याच फॉन्टसाठी केलेल्या परिवर्तकातून मजकूर युनिकोडमध्ये आणा. एका फॉन्टचा परिवर्तक दुसऱ्याला चालत नाही, कारण प्रत्येकाची मांडणी निराळी आहे.

परिवर्तनानंतर दोन जागा डोळ्यांत तेल घालून तपासा. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराआधी टाइप होत असे, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचे उलट: तो आधी अक्षरानंतर टाइप होई, आता ‘र’ आणि हलन्त आधी येतात. परिवर्तक चुकतो तो बहुधा जोडाक्षरावरच्या वेलांटीला आणि रफाराला, म्हणून ‘स्थिती’, ‘निर्मिती’, ‘कार्यकर्ती’ असे शब्द शोधून पाहा.

दुसरी जागा खास मराठीची आहे, अर्ध्या ‘र’ची. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’, ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांत एका रेघेने दरीचा समुद्र होतो आणि स्वयंपाक्याचा गुरुजी. युनिकोडमध्ये हा अर्धा ‘र’ दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात र, हलन्त आणि त्यापुढे जोड दाखवणारे एक अदृश्य चिन्ह असते. काही अॅप आणि वेबवरचे अर्ज मजकूर ‘स्वच्छ’ करताना ते अदृश्य चिन्ह काढून टाकतात, आणि ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते. दुसऱ्या प्रकारात खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि हलन्त असतो, तिथे अदृश्य काहीच नाही. नेहमी हा दुसरा प्रकार वापरा. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह जे, मग डी, मग य. साध्या मेलमधून तो कितीही वेळा गेला तरी शाबूत राहतो.

माझ्या भावाच्या ऑफिसातून आलेल्या मेलला ‘विनमेल डॉट डॅट’ नावाची फाइल जोडलेली असते आणि ती उघडत नाही. व्हायरस आहे का?
(औंध)

बहुधा नाही. आउटलुकचे स्वतःचे ‘रिच टेक्स्ट’ हे तिसरेच स्वरूप आहे. ते बाहेरच्या पत्त्यावर गेले की सजावट आणि जोडपत्रे या एका फाइलमध्ये कोंबली जातात. भावाला आउटलुकच्या ऑप्शन्समध्ये, मेल या भागात, लिहिण्याचे स्वरूप एचटीएमएल किंवा प्लेन टेक्स्ट करायला सांगा. तिथेच खाली, रिच टेक्स्ट बाहेर पाठवताना एचटीएमएलमध्ये बदलण्याचा पर्यायही आहे. तरीही फाइल येत राहिली तर त्यांच्या संपर्कयादीत तुमच्या पत्त्याला वेगळे स्वरूप नेमलेले आहे का ते पाहायला सांगा.

मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लिनक्स कर्नेलसाठी (लिनक्स या संगणक-प्रणालीच्या गाभ्यासाठी) कोडची छोटी दुरुस्ती, म्हणजे पॅच, मेलने पाठवली, ती नाकारली गेली. नंतर जीमेलचा प्लेन टेक्स्ट मोड लावून पाठवली, तर पॅच लागत नाही असे उत्तर आले. साधा मजकूर पाठवूनही चूक काय झाली?
(हिंजवडी)

पहिला मेल नाकारला गेला कारण कर्नेलच्या मेल-याद्या एचटीएमएल असलेला मेल घेतच नाहीत. दुसरा मेल साधा होता, पण जीमेलच्या वेबपानाने वाटेत तीन गोष्टी बिघडवल्या. टॅबच्या जागी स्पेस घातल्या. ७८ अक्षरांपुढच्या ओळी तोडल्या. आणि मजकुरात इंग्रजीबाहेरचे एक जरी अक्षर असेल, समजा तुम्ही स्वतःचे नाव देवनागरीत लिहिले असेल, तर सगळा मेल बेस-६४ या सांकेतिक रूपात पाठवला. पॅचमध्ये टॅब हाही मजकुराचाच भाग आहे. तो बदलला की मूळ फाइलमधली ओळ जुळत नाही आणि पॅच लागत नाही.

यासाठी कोडमधले बदल सांभाळणाऱ्या गिट या साधनातले ‘गिट सेंड-ईमेल’ वापरा. जीमेलच्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा, अॅप पासवर्ड घ्या, आणि गिटच्या सेटिंगमध्ये जीमेलचा एसएमटीपी (मेल पाठवणारा) सर्व्हर, ५८७ क्रमांकाचे पोर्ट आणि टीएलएस ही सुरक्षित जोडणी नोंदवा. पहिला पॅच स्वतःच्याच पत्त्यावर पाठवा. आलेला मेल मूळ रूपात उतरवून घ्या आणि ‘गिट एएम’ने कोऱ्या शाखेवर लावून पाहा. लागला तर मगच यादीवर. थंडरबर्ड हे मेलचे अॅप वापरायचे असेल तर खात्याच्या सेटिंगमध्ये एचटीएमएलची खूण काढा आणि प्रगत सेटिंगमधली ओळ तोडण्याची मर्यादा ७२ वरून शून्य करा.

तिथे साध्या मजकुराचा आग्रह का धरतात, हेही समजून घ्या. परीक्षक तुमचा कोड उत्तरात उद्धृत करतो, प्रत्येक ओळीपुढे > हे चिन्ह येते, आणि चुकलेल्या ओळीच्या बरोबर खाली तो आपला शेरा लिहितो. तुम्हीही त्या शेऱ्याखालीच उत्तर द्यायचे, सगळ्यात वर नाही. वीस जणांनी चार फेऱ्या बोलूनही कोण कोणत्या ओळीबद्दल बोलले हे स्पष्ट राहते. रंगीत अवतरणांत हे टिकत नाही.

मुलगी म्हणते, बाबा, मेल साध्या मजकुरात वाचत जा, म्हणजे फसवणूक होणार नाही. हे खरे का?
(ज्येष्ठ वाचक, बिबवेवाडी)

अर्धे खरे. एचटीएमएलमध्ये लिंकवर दिसणारी अक्षरे आणि आत लपलेला पत्ता वेगवेगळे ठेवता येतात. वर तुमच्या बँकेचे नाव, आत भलताच पत्ता. साध्या मजकुरात पत्ता उघडा पडतो. पण उघडा पत्ताही फसवा असू शकतो, म्हणून तो वाचायची रीत शिकून घ्या: सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिथून मागे, डावीकडे वाचत या. ‘बँकेचे नाव टिंब अपडेट टिंब दुसरेच काही टिंब कॉम’ असे असेल तर मालक ‘दुसरेच काही’ आहे, बँक नव्हे. फोनवर लिंक न उघडता बोट दाबून धरले की पत्ता दिसतो.

दुसरा धोका चित्रांचा. जाहिरातींच्या मेलमध्ये एक बिंदू रुंद, एक बिंदू उंच असे न दिसणारे चित्र असते. तुम्ही मेल उघडला की ते पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून मागवले जाते, आणि मेल वाचल्याची वर्दी त्याला मिळते. जीमेल २०१३ पासून चित्रे स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणते, त्यामुळे तुमचे ठिकाण कळत नाही, पण मेल उघडल्याचे कळू शकते. जीमेलच्या सेटिंगमध्ये, जनरल या भागात, ‘इमेजेस’समोर बाहेरची चित्रे विचारून दाखवण्याचा पर्याय निवडा. संगणकावर थंडरबर्ड असेल तर ‘व्ह्यू’ या यादीत मजकूर कायम साध्या रूपात दाखवण्याची सोय आहे. मुलीचा सल्ला तिथे शब्दशः पाळता येईल.

आमच्या संस्थेच्या प्रोग्रॅममधून जाणाऱ्या मेलच्या मराठीतल्या विषयाच्या ओळीत मध्येच काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह येते. मजकूर मात्र ठीक असतो.
(निगडी)

विषयाची ओळ सांकेतिक तुकड्यांत जाते आणि एक तुकडा ७५ अक्षरांपेक्षा लांब चालत नाही. खुणांची १२ अक्षरे वजा केली की ६३ उरतात; बेस-६४ चार-चार अक्षरांच्या गटांत चालते, म्हणून त्यातली ६० वापरता येतात, त्यांत ४५ बाइट, म्हणजे देवनागरीची बरोबर १५ चिन्हे. तुमचा प्रोग्रॅम बाइट मोजून तुकडे पाडतो आहे. विषयात स्पेस किंवा इंग्रजी अंक आला, जे एका बाइटाचे असतात, की हिशेब सरकतो आणि मराठी चिन्ह मधोमध चिरले जाते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सांगा: तुकडा नेहमी पूर्ण चिन्हावर तोडायचा.

मी दृष्टिहीन शिक्षिका आहे. शाळेची परिपत्रके मेलमध्ये चित्र म्हणून येतात, माझा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) गप्प राहतो. ‘प्लेन टेक्स्टमध्ये पाठवा’ अशी विनंती करू का?
(पौड रस्ता)

जरूर करा, पण जरा नेमकी. परिपत्रक टाइप करून सही-शिक्क्यासाठी छापायचे, स्कॅन करायचे आणि ते चित्र मेलमध्ये डकवायचे, ही सवय फार पसरली आहे. त्यात प्रत्येक अक्षर तुमच्यापासून हिरावले जाते. हे थांबलेच पाहिजे.

एचटीएमएल तुमच्या विरोधात नाही. नीट केलेल्या एचटीएमएलमध्ये खरे मथळे असतात, आणि एनव्हीडीएसारख्या रीडरमध्ये एच ही कळ दाबत मथळ्यावरून मथळ्यावर जाता येते. साध्या मजकुरात ही सोय नाही. उलट तिथे लोक सजावट म्हणून बरोबरच्या चिन्हांच्या लांबच लांब रेघा ओढतात आणि रीडर ती चिन्हे मोजत बसतो. अडचण अशी की जीमेलच्या पट्टीवर खरा मथळा देणारे बटण नाही. अक्षर मोठे आणि ठळक केले तरी रीडरला तो मथळा वाटत नाही. म्हणून पानभराचे परिपत्रक साध्या मजकुरात, आणि लांब असेल तर वर्डमध्ये ‘हेडिंग’ शैली लावून, असे मागा. मुख्याध्यापकांना हा मजकूर जसाच्या तसा पाठवता येईल:

‘परिपत्रकाचा मजकूर मेलमध्येच टाइप केलेला असावा. सही-शिक्क्याची स्कॅन प्रत सोबत जोडली तरी चालेल. दोन पानांहून मोठे परिपत्रक हेडिंग शैली लावलेल्या वर्ड फाइलमध्ये द्यावे. तारीख, वेळ आणि जागा मेलच्या पहिल्या तीन ओळींत असाव्यात.’